टंचाईच्या काळातले ब्रेक ड्रम

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीवरचा, तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांबद्दलचा लेख वाचला आणि राहवलं नाही. 'त्या काळी भंगार वितळवून कसंबसं भागवलं जायचं' एवढ्या एका वाक्यात लेखकाने आमच्या बापजाद्यांची हयात निकालात काढली. हे मला मुळीच मान्य नाही.

1953 च्या टॅरिफ कमिशननंतर मोटारी नुसत्या जोडायच्या नाहीत, इथेच बनवायच्या, असं धोरण आलं. पण पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, मिळायचं सरकारी कोट्यावर. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आणि 1956 च्या नोव्हेंबरपासून आमचं सरकार बंगळूरचं. भट्टीचं इंधन असलेला हार्ड कोक रेल्वेची वॅगन मिळेल तेव्हा यायचा.

माझे वडील क्युपोलावर, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर, होते. मोटारींचे ब्रेक ड्रम ओतायचे. त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. पिग कमी पडलं की जुन्या लेथचे बेड, फुटके इंजिन ब्लॉक घणाने फोडून भट्टीत जायचे. भंगार वाढलं की सिलिकॉन घटतं, गंधक वाढतं आणि ड्रम इतका कडक होतो की लेथवर टूल लागत नाही. म्हणून वडील आधी त्याच लोखंडाची एक पाचर चाचणीसाठी ओतून घेत, गार करून हातोड्याने तोडत आणि तुटलेली बाजू उजेडात धरत. टोकाकडचा पांढरा, म्हणजे कडक, भाग जास्त दिसला की लॅडलमध्ये (वितळलेलं लोखंड धरायच्या भांड्यात) फेरोसिलिकॉन या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूचा चुरा, मग पुन्हा पाचर. राखाडी दाणा दिसल्याशिवाय साच्यात थेंब जात नसे. याला कसंबसं भागवणं म्हणतात?

एका बड्या गिऱ्हाइकाने 'मटेरियल हलकं' म्हणून अख्खी खेप परत पाठवली होती. तपासलं तर माप चुकलं होतं त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये. पैसे मात्र आले नाहीत ते नाहीतच. वडिलांनी ते ड्रम स्वतःच्या हाताने फोडून पुन्हा भट्टीत घातले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

लेखात कारखानदारांचे फोटो आहेत. अनगोळ, मजगाव, येळ्ळूरहून सायकलने येणारे मोल्डर (साचे बनवणारे), कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) करणारे, भट्टीवाले यांचा साधा उल्लेखही नाही.

आणि 'जुनी क्युपोला' म्हणून छापलेला फोटो विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसचा आहे! उद्यमबागेत कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. कृपया दुरुस्ती छापा आणि लेखकाला जुन्या मोल्डरांकडे पाठवा. दोघे-तिघे अजून आहेत, मी स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त भट्टीवाला, शहापूर, बेळगाव