तीन वर्षांची गोळी आणि ट्रायलची भीती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत क्लिनिकल ट्रायलवर लेख आला होता, सगळा सूर एकच की गरीब पेशंटला गिनीपिग करतात. असं कधी झालंच नाही असं मी म्हणणार नाही, झालंय, पण तेवढंच छापलंत तर ट्रायल म्हटलं की लोक लांबच पळणार. आमच्या घरात अशाच एका ट्रायलमुळे रोज गोळी घेतली जाते म्हणून लिहितोय.

माझ्या वहिनीला जिस्ट नावाचा कॅन्सर झाला. जठराच्या नाहीतर लहान आतड्याच्या भिंतीत होणारी ही गाठ, वर्षाला दहा लाखांत साधारण १०-१५ जणांना होते, त्यामुळे ओळखीत कुणी नावही ऐकलेलं नाही. शौचाला काळं होत होतं, हिमोग्लोबिन उतरत होतं आणि आम्ही आपले अ‍ॅसिडिटी अ‍ॅसिडिटी करत बसलेलो. शेवटी सीटीत लहान आतड्यात गाठ दिसली, ऑपरेशन झालं, रिपोर्टमधे हाय रिस्क आलं, म्हणजे गाठ परत येण्याचा धोका जास्त, आणि इमॅटिनिब ही ४०० मिलिग्रॅमची रोजची गोळी सुरू झाली, तीन वर्षं घ्यायची. जेवणानंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळतं, आणि सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या. वर्षाने स्कॅन क्लीन आला आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायला लागला, आता कशाला घेतेस, बरी झालीस ना!

तर याचं उत्तर ट्रायलमधेच आहे. २००० च्या आधी ऑपरेशनने न निघणाऱ्या जिस्टला केमो जवळजवळ लागूच पडायची नाही. १९९८ मधे जपानच्या हिरोता यांच्या टीमने दाखवलं की यात बहुतेकदा किट नावाच्या जीनमधे बिघाड असतो. इमॅटिनिब हा किटचा बिघाडच रोखते, म्हणून मार्च २००० मधे फिनलंडच्या हेलसिंकीत जिस्ट झालेल्या एका बाईंना ही गोळी दिली, तेव्हा ती ब्लड कॅन्सरसाठी तपासली जात होती, आणि त्यांच्या गाठी आटल्या. पण एका पेशंटवरून सगळ्यांना थोडीच देता येते. ऑपरेशननंतर किती दिवस द्यायची हे बघायला फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि जर्मनीतले हाय रिस्कवाले ४०० पेशंट घेतले, निम्म्यांना एक वर्ष आणि निम्म्यांना तीन वर्षं, म्हणजे नुसती खोटी गोळी कुणालाच नाही. पाच वर्षांनी तीन वर्षंवाल्यांत ९२ टक्के लोक जिवंत होते, एक वर्षवाल्यांत ८२ च्या आसपास. २०१२ ला हे छापून आलं. पाहुण्यांना मी आता हेच आकडे सांगतो, काही ऐकतात, काही हळद सुचवतात.

बरं, ही गोळी सगळ्यांना लागू पडतेच असंही नाही. काही गाठींत पीडीजीएफआरए जीनमधे डी८४२व्ही हा बिघाड असतो, तिथे इमॅटिनिब जवळपास काहीच करत नाही, त्यांच्यासाठीची अ‍ॅव्हाप्रिटिनिब २०२० मधे अमेरिकेत मंजूर झाली, ती पण ट्रायलमधूनच. म्हणून गाठीत कोणत्या जीनचा बिघाड आहे ते सांगणाऱ्या म्युटेशन टेस्टबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

फसवणुकीच्या बातम्या जरूर छापा, पण सोबत हेही येऊ दे की २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई आहे, संमती पेशंटला समजेल त्या भाषेत घ्यावी लागते, आणि देशात चालू असलेल्या ट्रायल सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात. ती साइट इंग्रजीत आहे, त्यामुळे त्यात आजाराच्या नावाने कसं शोधायचं एवढं एक चौकट करून दिलंत तरी खूप झालं.

आपला,
एक वाचक, सांगली