पवनी अर्ध्या तासात उरकू नका

संपादक महोदय,
स. न.

थंडी पडली की नागपूरकरांच्या गाड्या उमरेड रोडला लागतात. सकाळी कऱ्हांडला अभयारण्याची सफारी, दुपारी वाघ दिसला की नाही याची चर्चा आणि परतताना ‘आलोच आहोत तर’ म्हणून अर्धा तास भंडारा जिल्ह्यातले पवनी. त्यात पंचमुखी गणपतीचे दर्शन तेवढे होते. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा गणपती पाहावाच. पण तटबंदी, खंदक आणि वैनगंगेचे घाट असलेले हे गाव पायी फिरायला हिवाळ्यातला एक अख्खा दिवस लागतो.

दिघोरी, उमरेड, भिवापूर या वाटेने पवनी सुमारे ८० किलोमीटर. पहाटे ५ ला निघण्याची हौस इथे कामाची नाही. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. आभाळ मोकळे आणि वारा पडलेला असला की नदीकाठी आणि ओलिताच्या शेतांवर धुके साचते. ते ऊन चढल्याशिवाय हलत नाही. त्याच दिवसांत धान विक्रीला निघालेले असते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी ट्रॉली धुक्यात वीस पावलांवर आल्यावरच दिसते. सातला निघा, हेडलाइट डिपरवर ठेवा, ओव्हरटेक करू नका. नऊपर्यंत पोहोचलात तरी काही बिघडत नाही, त्याआधी घाटावरून नदीच दिसत नाही.

गाडी जवाहर गेटच्या बाहेरच ठेवा. आतल्या गल्ल्या गावाच्या मापाच्या आहेत. समोरून बैलबंडी आली की एकाला मागे जावेच लागते. गावाला तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. दरवाजा आणि बुरुजांचे दगडी काम मध्ययुगीन, पण त्याखालचा मातीचा तट कितीतरी जुना, म्हणून पवनीला नुसते ‘मध्ययुगीन गाव’ म्हणणे अर्धेच बरोबर. तट बघायचा तो खालून, खंदकाच्या कडेने. वर चढण्याचा मोह आवरा. पावसाळ्यात माती धुपून दगड मोकळे झालेले असतात आणि वाळलेल्या गवतात ते कळत नाहीत. त्या गवताची कुसळे मोज्यात अशी शिरतात की ती काढताना निम्मी आतच मोडतात, मग दिवसभर टोचत बसतात. पायांत बूट आणि जाड कापडाची फुलपँट हवी. दुपारी दगडांवर ऊन खायला साप येतात, हेही ध्यानात असू द्या.

तिथून बाजारातून वैजेश्वराच्या घाटावर. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. गोसीखुर्दचे ३३ दरवाजांचे धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे नदीची पातळी वरून सोडलेल्या पाण्यावर ठरते, हिवाळ्यातसुद्धा. पाण्यात उतरू नका, लेकरांना तर नाहीच. आणि पाण्याच्या रंगावरून नाक मुरडण्याआधी एक लक्षात घ्यावे : आपली नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. शहरातून आपण सोडलेले सांडपाणीच इथवर येते.

जेवणानंतर जगन्नाथ टेकडी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केले आणि मौर्यकाळाइतका जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. कोरीव खांब, ब्राह्मी लेख असे सगळे जागेवर दिसेल या अपेक्षेने गेलेले लोक ‘काहीच नाही’ म्हणत उतरतात. शिल्पे टेकडीवर ठेवलेली नाहीत. पाहायच्या त्या विटा : आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब. शेजारी आपली वीत ठेवून मोजा, पण उचलू नका. जवाहर गेटपाशी गावाचा नकाशा आणि या फेरीचा क्रम सांगणारा एक मराठी फलक लागला तर निम्मी निराशा टळेल. खर्चही फार नाही.

शिंगाड्यांचा हंगाम असेल तर उकडलेले शिंगाडे घ्या, काळी साल दातांनी न सोलता नखाने सोला, काटा ओठाला लागतो. लाल मिरची हवी असेल तर परतताना भिवापूरला थांबा.

निघायचे साडेचारला. सहाच्या आत अंधार पडतो आणि ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर येतात. दिवाळीनंतर वाटेतल्या एखाद्या गावी मंडई (म्हणजे गावची जत्रा) असली तर तासभर जास्तीचा धरा. एसटीने जाणाऱ्यांनी उतरल्याबरोबर बसस्थानकावर कंट्रोलरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी, आणि तिच्या आधीची गाडी पकडावी.

आपला,
एक वाचक, नागपूर