दार लागत नाही म्हणून लगेच लॉक बदलू नका

संपादक साहेब,

दार नीट लागत नाही म्हटलं की लोक लगेच नवीन लॉक आणतात नाहीतर रंधा मारायला बसतात, पण बऱ्याचदा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात आणि दार खाली उतरून लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाखाली आपटत असते. आधी जिभेला खडू लावून दार लावून बघा, डाग कुठे पडतो ते दिसेल. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात गोंद लावून लाकडाची काडी ठोका, किंवा सरळ लांब स्क्रू घाला. थोडाच फरक असेल तर पट्टीचं भोक कानशीने घासलं तरी भागतं. आणि पावसाळ्यात फुगलेलं दार तर प्लीज रंधू नका, सुकल्यावर फट पडते.

– एक वाचक