पोचा काढायचा की ठेवायचा?

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल असं वाटत नाही. तुमचा मोबाईल फक्त फोन घेण्यापुरता, तोही तिसऱ्यांदा वाजला तर. सूनबाई वाचून दाखवतील. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. दुकानावर पाटी लावायचं तुम्हीच टाळलंय, तर मी कशाला डंका पिटू? रविवार पेठेतले कुकर-मिक्सर दुरुस्त करणारे काका, एवढं बास.

स्टोव्ह काल अण्णांच्या हातात दिला. त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. आधी झाकणाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग ‘आहे’ एवढंच म्हणाले. म्हणून आजच लिहायला घेतलं.

तुमच्यासाठी ते एक काम होतं, आमच्याकडे तो घरातला माणूस आहे. ऑप्टिमस १११, स्वीडनचा, निळ्या पत्र्याच्या पेटीत मावणारा. माझ्या जन्माच्या आधी अण्णांनी तो जुन्या बाजारात घासाघीस करून घेतला. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळीकडे त्याच्यावर पिठलं झालंय. पावसात बाकीचे ग्रुप ओल्या लाकडांवर फुंकर मारत डोळे चोळायचे आणि यांचा चहा तयार असायचा, ही फुशारकी आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तिला जोडून पुढचं व्याख्यानही ठरलेलं: १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्टने प्रायमस स्टोव्ह काढला, रॉकेलची आधी वाफ करून मग ती जाळायची, म्हणून काजळी नाही, अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा बर्फ वितळवायला सोबत प्रायमसच होता. ‘आणि हा त्याच खानदानातला,’ असं म्हणून अण्णा पंप मारायला बसायचे.

मग गुडघे गेले, रेशनचं निळं रॉकेल गेलं आणि पेटी माळ्यावर गेली. या पावसाळ्याआधी खाली काढली तर पत्रा गंजलेला, रंगाचे पोपडे आलेले आणि पंप नुसताच खालीवर.

तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेलो त्यांच्याबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. एका दुकानदाराने स्टोव्ह हातात न घेताच ‘भंगारात किलोवर जाईल’ असं सांगितलं. अण्णा समोर उभे होते, निदान माणूस बघून तरी बोलावं. दुसऱ्याने कित्येक आठवडे ठेवून घेतला, पितळी टाकी बफिंग करून आरशासारखी चकचकीत केली आणि परत दिला. पंपातून रॉकेल उलटं येत होतं ते येतच राहिलं. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘शोपीसला काय करायचंय?’ कोणी सांगितलं होतं त्याला शोपीस म्हणून? तिसरा पावडर कोटिंगवाला, म्हणजे पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवणारा. तो पेटी टाकीसकट भट्टीत घालायला निघाला होता. टाकीला डाख असेल तर त्या उष्णतेत त्याचं काय होईल, असं अण्णांनी विचारल्यावर, ‘आमची जबाबदारी नाही’ हे मात्र त्याने झटकन सांगितलं.

तुम्हीही काही गोड बोलला नाहीत. ‘वेळ लागेल. घाई असेल तर घेऊन जा,’ हे तुमचं पहिलं वाक्य. पण ते बोलताना तुमच्या हातात पंपाचा दांडा होता आणि त्याच्या टोकाचा सुकून वाळका झालेला चामड्याचा वायसर तुम्ही नखाने दाबून बघत होतात. अण्णांनी मला कोपराने ढोसलं. इथे ठेवायचा, असा त्याचा अर्थ.

आतलं काय काय केलंत ते सगळं मला कळलं नाही आणि इथे त्याची जंत्रीही मी देणार नाही. पंपाच्या तळाची झडप, बर्नरखालचा शिशाचा वायसर, असं काहीबाही अण्णा फोनवर मित्रांना सांगत असतात. रंगाचं मात्र मी बघितलंय. बिजागरीच्या खाली, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथला मूळचा निळा तुम्ही शोधलात आणि ती बिजागरीच खिशात घालून रंगाच्या दुकानात गेलात.

पण आभार मानायचेत ते तुमच्या त्या फोनचे.

‘ताई, झाकणाच्या कोपऱ्याला पोचा आहे. काढायचा की ठेवायचा?’

मी म्हटलं, विचारून सांगते. तर तुम्ही म्हणालात, ‘सावकाश विचारा. पत्रा एकदा ठोकला की पुन्हा तसा होत नाही.’

काका, तो पोचा राजगडचा आहे. गुंजवण्याकडून चढताना, चोर दरवाज्याच्या अलीकडच्या कातळात, सॅकला बांधलेली पेटी सुटली आणि आपटत खाली गेली. गाठ कोणी मारली होती यावरून अण्णांचं आणि त्यांच्या मित्राचं आजतागायत एकमत नाही. दोघं भेटले की चहाबरोबर हे भांडण असतंच. तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन हातोड्या मारून, वर पुट्टी भरून कोपरा गुळगुळीत केला असता तरी कोणी तुम्हाला नावं ठेवली नसती. उलट मीच ‘वा, काय काम केलंय’ म्हटलं असतं. तुम्ही थांबलात. विचारलंत. आतल्या खोलीतून अण्णा ओरडले, ‘राहू दे म्हणावं!’ आणि तुम्ही तो पोचा ठेवून, पुन्हा गंज धरू नये म्हणून त्याच्या खोबणीतही रेड ऑक्साइड नीट बसवून, वर रंग दिलात.

हल्ली काम येणारे पुष्कळ भेटतात. डॉक्टर असो, गवंडी असो की शिंपी, आपल्याला काय हवं ते आपल्याआधी त्यांनाच कळलेलं असतं. दुसऱ्याची वस्तू हातात आली की हात लावण्याआधी मालकाला विचारणारा माणूस मला बऱ्याच काळाने भेटला. अशा माणसांना बक्षीस कोणी देत नाही. तुम्ही तर सांगितलेल्या रकमेवरचे सुटे पैसेसुद्धा मोजून परत केलेत.

आता एक आगाऊ सूचना. अण्णांच्या ग्रुपातले दोघं आपापले स्टोव्ह घेऊन पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे यायचं म्हणतायत. त्यातला एक तो गाठवाला. दोघंही बोलायला तिरकस आहेत, पण पैसे वेळेवर देतात. पोच्याबद्दल विचारलंत तर अर्धा तास जाईल, तेव्हा दुपारचं जेवण आटोपून घ्या.

तुमची,
निळ्या पेटीवाली ताई