‘मूळ अज्ञात’ असेल तर तसेच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या शब्दांवरच्या चौकटीत ‘पॉश’ या ब्रिटिश बोलीतल्या शब्दाची जन्मकथा वाचली. भारतात येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन सावलीची; साहेबलोक तीच मागून घेत, म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे पी अँड ओ या बोट कंपनीच्या तिकिटांवर छापली जात आणि त्यातून ‘पॉश’ आला, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. ही गोष्ट अभ्यासकांनी कधीच खोडून काढली आहे. ती आपल्या दैनिकात वस्तुस्थिती म्हणून छापली गेली याचे मनापासून वाईट वाटले.

अशी अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, कंपनीच्या दप्तरातही नाही. ‘उंची, श्रीमंती’ या आजच्या अर्थाने हा शब्द छापील इंग्रजीत दिसू लागतो तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तिकिटाची गोष्ट मात्र छापून येते थेट १९३५ साली. खरी वाट बहुधा वेगळीच असावी. लंडनच्या चोरभाषेत १८३०च्या सुमारास ‘पॉश’ म्हणजे चिल्लर, अर्धा पेनी. युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. पुढे १८९०च्या आसपास छानछोकी करणाऱ्यालाही ‘पॉश’ म्हणत. पण चिल्लर पैशापासून छानछोकीपर्यंतची मधली कडी कोणाला जोडून दाखवता आलेली नाही, म्हणून ऑक्सफर्डच्या कोशाने या शब्दापुढे ‘मूळ अज्ञात’ असे लिहिले. हे दोन शब्द लिहायला धीर लागतो आणि त्यामागे वर्षानुवर्षांची छाननी असते.

‘क्विझ’चेही तेच. डब्लिनच्या एका नाटकगृहाच्या व्यवस्थापकाने, रिचर्ड डॅलीने, १७९१ साली पैज मारली की निरर्थक शब्द एका दिवसात गावभर करून दाखवीन, आणि रातोरात भिंतींवर खडूने तो लिहवून घेतला, ही कथा सर्रास सांगतात. मात्र ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने हाच शब्द फॅनी बर्नी या लेखिकेच्या रोजनिशीत १७८२ सालीच आलेला आहे. पैजेच्या नऊ वर्षे आधी!

कोणी म्हणेल, असल्या गंमतीच्या गोष्टींनी कोणाचे काय बिघडते? बिघडते. ‘चॅव’ ही इंग्लंडमध्ये गरीब वस्तीतल्या पोरांना दिली जाणारी शिवी. सरकारी घरांत राहणारे आणि हिंसक, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ती झाली, असे छातीठोकपणे सांगतात. म्हणजे शिवी तर दिलीच, वर तिला पुरावाही चिकटवला. प्रत्यक्षात तो बहुधा मूल या अर्थाच्या रोमानी ‘छावो’वरून आला आहे, आणि आपला ‘छावा’ त्याचाच भाऊबंद. ‘हूलिगन’ म्हणजे गुंड; हा शब्द १८९८ साली लंडनच्या वृत्तपत्रांतल्या पोलीस कोर्टाच्या बातम्यांत झळकला. त्याचे मूळ पक्के ठाऊक नाही, तरी कुठल्याशा दांडगट आयरिश कुटुंबाच्या नावावर तो खपवला गेला, आणि आयरिश माणूस म्हणजे गुंड या जुन्या पूर्वग्रहाला आणखी एक खुंटी मिळाली.

जिथे पुरावा आहे तिथे तो किती सरळ असतो, हे पाहायला आम्हा नाशिककरांना लांब जावे लागत नाही. वेड लागलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचा. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी देवळालीच्या छावणीत ठेवत. बोटी ठरावीक हंगामातच सुटत. ज्याचा हंगाम हुकला त्याने महिनोन्‌महिने तिथेच बसायचे. कवायत नाही, काम नाही, वर उन्हाळा, हिवताप आणि दारू. अशात कोणी भ्रमिष्टासारखा वागू लागला की बरोबरीचे शिपाई म्हणत, याला ‘डुलॅली टॅप’ झाला. टॅप म्हणजे आपला ताप. इथे गाव आहे, छावणी आहे, शिपायांच्या आठवणी आहेत, अर्थ कसा सरकला तेही दिसते. ‘पॉश’च्या तिकिटामागे यातले एक तरी आहे का?

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी. आणि यापुढे आद्याक्षरांपासून बनलेला म्हणून एखादा जुना शब्द आला, तर छापण्याआधी तो पहिल्यांदा लिखाणात कधी आढळला आणि ती गोष्ट पहिल्यांदा कधी सांगितली गेली, ही दोन साले संपादकीय विभागाने लेखकाकडून मागून घ्यावीत. शाळेतली मुले ही चौकट कापून वहीत चिकटवतात.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, नाशिक