बोकास देल तोरोत नांगर टाकताना

संपादक महोदय,

कॅरिबियनवरच्या लेखांत पनामातल्या बोकास देल तोरोचे नाव आले की निळे पाणी आणि खांबांवरची लाकडी घरे यांपुढे मजकूर सहसा जात नाही. तिथे यॉट भाड्याने घेणाऱ्यांनी नांगर कुठे आणि कसा टाकायचा हे आधी शिकून घ्यावे, ही आमची कळकळीची विनंती.

कोलोन बेटाच्या दक्षिण टोकावरचे हे छोटे शहर 9 अंश उत्तरेला, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहे. म्हणून जून ते नोव्हेंबर या काळात बोटी तिथे आसऱ्याला येतात. बेटांनी वेढलेला अल्मिरांते उपसागर शांत असतो, पण त्याच वेढ्यामुळे आतले पाणी लवकर बदलत नाही. खते आणि सांडपाणी साचले की तळाचा प्राणवायू संपतो. 2010 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये तिथली प्रवाळे अशीच गुदमरून मेली. वाचलेल्या प्रवाळांवरून आपल्या नांगराची साखळी फिरता कामा नये.

पाणी 6 मीटर खोल आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यापासून 1 मीटर वर असेल, तर दोन्ही मिळून होणाऱ्या 7 मीटरच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर साखळी सोडावी. दोर असेल तर सातपट. मुंबईसारखी चार-पाच मीटरची भरती तिथे येत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळी भर लागत नाही. मात्र वारा फिरला की बोटही नांगराभोवती फिरते आणि साखळी तळ खरवडते. म्हणून त्या सगळ्या वर्तुळात वाळूच हवी. सूर्य डोक्यावर असताना पाहावे: फिकट दिसते ती वाळू, गडद दिसते ते प्रवाळ किंवा समुद्रगवत. गवतात नांगर मुळांच्या जाळ्यात अडकतो, पक्का बसल्यासारखा वाटतो आणि रात्री पावसाच्या झोताबरोबर सुटतो. साखळी ताणल्यावर इंजिन उलटे चालवून वेग हळूहळू वाढवावा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात. त्या सरकल्या तर नांगर घसरतो आहे. तो उचलून पुन्हा टाकावा, नुसती साखळी वाढवून भागत नाही.

शौचालयाचे पाणी उपसागरात सोडू नये, टाकीतच ठेवावे. एस्ट्रेया किनाऱ्यावर फोटोसाठी तारामासे पाण्याबाहेर काढू नयेत. ते त्वचेवरच्या बारीक कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. पर्यटन पुरवणीत प्रवासवर्णनाशेजारी एवढी माहिती जरूर छापावी.

— दर्यावर्दी वाचक, अलिबाग