डोस कसा काढला, तेवढं सांगा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर काल हातात पडलं. मी विचारलं एवढंच होतं: जे औषध माणसात पहिल्यांदाच दिलं जात होतं, त्याचा माझ्या धाकट्या भावाला दिलेला डोस कुठल्या प्राण्याच्या कुठल्या आकड्यावरून ठरवला? कलम 8 दाखवून कळवलंय की हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे.

भाऊ बी.एस्सी. झालेला, धडधाकट, नोकरीच्या शोधात. मित्रानं सांगितलं, नव्या औषधाच्या चाचणीत चार-सहा दिवस राहायचं, रक्त द्यायचं, पैसे मिळतात. संमतीपत्राची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याची सही, आणि मध्येच एक ओळ: ‘प्राण्यांवरील अभ्यासात औषध सुरक्षित आढळले आहे.’ त्याच्या गटाला वाढीव डोस दिला, आणि घरी आला तो डोळे पिवळे घेऊनच. लिव्हर बिघडलं, आयसीयूत ठेवावं लागलं. आईनं गळ्यातली पोत मोडली. आता चाचणी घेणारं ते केंद्र म्हणतं, औषधाशी संबंध दिसत नाही, प्राण्यांत असं काही आढळलं नव्हतं. संबंध नाही म्हटलं की फुकट उपचारांची जबाबदारीही संपली. मी औषधाचं दुकान चालवते. बाळाचं वजन विचारल्याशिवाय तापाच्या सिरपचा एक चमचा सांगत नाही. आणि माझ्याच भावाच्या डोसाचा हिशेब मला मिळत नाही.

प्राण्यांत आढळलं नव्हतं, हे काय उत्तर झालं? 1993 मध्ये अमेरिकेत फियालुरिडिन या कावीळ-बीवरच्या औषधाच्या चाचणीत 15 पैकी 5 रुग्ण गेले, दोघं यकृत बदलून वाचले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यकृताला असा धोका दिसलाच नव्हता. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, ते औषध आत ओढणारं प्रथिन असतं, उंदराच्या नसतं, हे नंतर कळलं. 2006 मध्ये लंडनला टीजीएन 1412 या औषधाचा डोस माकडांनी सोसलेल्या डोसाच्या पाचशेपट कमी ठेवला होता. किलोमागे 50 मिलिग्रॅम माकडाला, 0.1 माणसाला. सहा तरुणांना दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं दिलं आणि सहाही जणांचे अवयव निकामी व्हायला लागले. प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशी या औषधानं माणसात भडकल्या, त्यांच्यावरची औषधाला चिकटायची खूण माकडाच्या तशाच पेशींवर नव्हतीच. पुढे तेच औषध पुन्हा दिलं तेव्हा आधीच्या हजारपट कमी डोसानं सुरुवात केली. 2016 मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात दुसरं एक नवं औषध एकदा 100 मिलिग्रॅम दिलेलं निभावलं, पण रोज 50 दिलं तेव्हा एकाचा जीव गेला.

साहेब, डोस काढायची रीत काही गूढ नाही. प्राण्यात ज्या डोसापर्यंत अपाय दिसला नाही तो आकडा घ्यायचा, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं उंदरासाठी 12.3 नं, मोठ्या उंदरासाठी 6.2 नं, कुत्र्यासाठी 1.8 नं भागायचं, आणि सुरक्षेसाठी वर निदान 10 नं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्येच हे छापून ठेवलंय. म्हणजे मोठ्या उंदराला किलोमागे 50 मिलिग्रॅम चाललं तर 60 किलोच्या माणसाला सुरुवातीला साधारण 48. शाळकरी पोरानं करावा असा भागाकार. मग त्यात लपवण्यासारखं काय आहे? कुठला प्राणी धरला? सर्वांत नाजूक धरला की सोयीचा? माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत औषध तपासलं होतं का? तुमच्याच मंत्रालयानं 2023 मध्ये अशा पेशींवरच्या चाचण्यांना नियमांत जागा दिली. ती जागा कुणी वापरली का, हे कोण बघतं?

औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत असंही आहे की इथेच शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर 30 कामकाजाच्या दिवसांत उत्तर गेलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. आमच्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायचं तर कचेरीचं मौन म्हणजे नकार. माणसाच्या अंगात नवं औषध घालायचं तर मौन म्हणजे होकार! त्याच नियमांत मृत्यूच्या भरपाईचं सूत्रही आहे. आठ लाख मूळ रक्कम, निरोगी स्वयंसेवकाला जोखमीचा गुणक 4, सहा महिन्यांपेक्षा जास्त न जगणाऱ्या रुग्णाला अर्धा. मेल्यावरचा हिशेब राजपत्रात छापलाय, आणि जिवंत माणसाच्या डोसाचा हिशेब गुपित.

या चाचण्यांना कोण जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. मंत्र्यांची, सचिवांची पोरं जात नाहीत. भरती निघत नाही, निघाली तर पेपर फुटतो, शेतात काही उरत नाही, अशा घरातली पोरं जातात. ‘जगाचं औषधालय’ म्हणून आपण भाषणात छाती फुगवता, ते औषधालय या पोरांच्या शिरांतून चालतं.

माणसात पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक औषधाचा डोस कसा काढला, तो हिशेब चाचणीआधी जाहीर करा आणि संमतीपत्रात मराठीत लिहा. मौनाचा होकार रद्द करा. आधी एकालाच देऊन वाट बघितली का, हे कागदावर नको, केंद्रात माणूस पाठवून तपासा. माझ्या भावाचा कागद मला द्या. तो नाकारणारं उत्तर मी अपिलात नेणार आहे, आणि ही झेरॉक्सही सोबत जोडणार आहे.

एका स्वयंसेवकाची मोठी बहीण,
जळगाव जिल्हा